तपास चालू आहे

शिंपीकाकांची सायकल दारातून गायब झाली आणि त्यांनी पोलिसांच्या नावानं एवढा शंख केला, की सरकारनं चोर पकडायला थेट लष्करच धाडलं. दुपारी रणगाडा दुकानाला खेटून उभा राहिला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी काका खाली मान घालून कॅप्टनकडे गेले. "साहेब, चोरी झालीच नव्हती. मेहुण्यानं न विचारता नेली होती. सकाळी गुपचूप परत आणून दारात लावली, मला नंतर कळलं. आता तुमच्या रणगाड्याखाली आहे."

कॅप्टननं वाकून पाहिलं. "काळजी करू नका. चोर सापडल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही."

"अहो, पण चोरच नाहीये!"

"म्हणूनच तर," काकांच्याच दुकानातली खुर्ची ओढून बसत कॅप्टन म्हणाला, "सापडायला वेळ लागणार."