चार टाके

घटस्फोटानंतर लेक बापाकडे राहिली. पालकसभेला यायचा हक्क तेवढा कोर्टाने मला दिला. आज आले, तर पालकांच्या खुर्चीत त्याची नवी बायको ऐसपैस बसलेली. मला शिपायाने स्टूल आणून दिलं. वर्गाच्या बाई गणितापासून खोकल्यापर्यंत सगळं तिलाच विचारत होत्या. माझा नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात लेकीने आपली वही टेबलावर ठेवली: पाठ उसवलेली, वर चिकटपट्टीचे वेडेवाकडे तुकडे. माझं पोट पुस्तकबांधणीवर; मला आयतंच निमित्त मिळालं. “चार टाके घालता येत नाहीत?” मी त्याच्या बायकोला फटकारलं. लेकच म्हणाली, “मावशी शिवत होती गं, मीच सुई काढून घेतली. म्हटलं, सभेला माझी आई येईल, वह्या तीच शिवते.” मी पर्समधला सुईदोरा काढला. मावशी माझ्या हातांकडे बघत राहिली. मघाशी मी तिच्या खुर्चीकडे बघत होते, तशीच.