शेवटच्या रांगेतली वही

पिळदार शरीरासाठी इंजेक्शनं टोचून घेणाऱ्यांशी कसं बोलावं, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांना शिकवायचं काम सिस्टरांकडे आलं होतं. गेल्याच महिन्यात दंड सुजलेला एक जण डॉक्टरांची बोलणी खाऊन उपचार न घेताच निघून गेला आणि आठवड्याने थेट अतिदक्षता विभागात आला. म्हणून सिस्टर जीव तोडून सांगत होत्या, "आधी ओरडू नका हो. काय घेतोस, कधीपासून घेतोस, सुई नवी असते का, एवढं तरी विचारा."

"म्हणजे आता यांचे लाडच करायचे म्हणा की!" मोठे डॉक्टर म्हणाले आणि सगळे खो खो हसले. पुढचा तासभर जो तो आपापल्या मोबाइलमध्ये. पालथ्या घड्यावर पाणी!

फक्त शेवटच्या रांगेतला एक गृहस्थ मान खाली घालून सगळं वहीत उतरवून घेत होता. त्याने हात वर करून विचारलंही, "पू झाला तर किती दिवस वाट बघायची?"

"एकही नाही. लगेच दवाखाना."

हॉल रिकामा झाल्यावर सिस्टर त्याच्याजवळ गेल्या. "निदान तुम्ही तरी ऐकलंत, डॉक्टर. कुठल्या विभागात असता?"

तो ओशाळला.


"मी डॉक्टर नाही, सिस्टर. ती इंजेक्शनं मीच विकतो. काही झालं की पोरं इथे यायला घाबरतात आणि माझंच दार वाजवतात."