ते एक पान

"पुढे," सर म्हणाले.

मुलीने लॅपटॉपवर पुढचं पान आणलं. भिंतीवरच्या पडद्यावर बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन आलं. त्याच्यासाठी तिने किती जागरणं केली होती, ते तिचं तिला माहीत.

"हे सगळेच करतात. पुढे."

सर म्हणजे या डिझाइन स्टुडिओचे मालक. नव्या पोरांना सोलून काढण्यात त्यांचा हातखंडा होता आणि ते लपवायची त्यांना गरजही वाटत नसे. लोगो झाले, पुस्तकांची मुखपृष्ठं झाली. एकाला ते 'उसनं' म्हणाले, दुसऱ्याला 'गोड'. गोड हा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की मुलीला शिवी परवडली असती. शेजारी बसलेल्या मॅनेजर बाई काहीतरी लिहीत होत्या, की लिहिल्यासारखं करत होत्या, देव जाणे.

इथे नोकरीचं जमलं नाही तर सोमवारपासून दादाच्या फरशांच्या दुकानात काउंटरवर बसायचं, असं घरात ठरलं होतं. दादाने ते प्रेमानेच सांगितलं होतं, म्हणून तर जास्त लागलं होतं.

"हे शेवटचं," ती म्हणाली. इतका वेळ कापणारा तिचा आवाज आता कुठे स्थिरावला.

पडद्यावर एका हॉस्पिटलच्या पॅसेजचे फोटो होते. डावीकडे जुन्या पाट्या: राखाडी भिंत, राखाडी नाजूक अक्षरं, केसाएवढा बारीक बाण. उजवीकडे तिने केलेल्या: जाड पिवळा पट्टा, काळी ठसठशीत अक्षरं, लांबूनच दिसेल असा बाण. मधे हात उंचावून उभा असलेला एक माणूस.

"हा कोण?"

"तिथला वॉचमन, सर. दिवसभर असा हात वर करून उभा असतो. एक्स-रे इकडे, रक्त तपासणी तिकडे. पाट्या आहेत, पण वाचताच येत नाहीत. मी रोज जाऊन तिथे बसायचे. घाबरलेला माणूस कुठे अडतो, कुठे चुकतो ते बघितलं, आणि मग या केल्या."

"आणि जुन्या कशा वाटल्या तुला?" सरांचा आवाज एकदम मऊ झाला.

खरं तर तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. पण कौतुकाला भुकेलं माणूस, एवढ्याशा मऊपणानेही खुललं.

"दिसायला छान आहेत. पण ज्याने केल्या, तो तिथे कधी पेशंट घेऊन गेलेला नसणार."

मॅनेजर बाईंचं पेन थांबलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग सरांच्या मागच्या भिंतीकडे. मुलीनेही पाहिलं. तिथे चौकटीत तोच पॅसेज होता. तीच राखाडी भिंत, तोच बारीक बाण, आणि खाली पारितोषिकाची सोनेरी पट्टी. आल्यापासून ती फक्त सरांच्या चेहऱ्याकडे बघत होती, भिंती कोण बघतो.

कॉलेजात सगळे असंच करायचे. जुनं डावीकडे लावायचं, आपलं उजवीकडे, आणि टाळ्या घ्यायच्या. जुनं कोणाचं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

"सॉरी सर," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"ते दिसतंच आहे. हे पिवळं काय आहे? हॉस्पिटल आहे की खणलेला रस्ता? तुम्हा लोकांना डोळे नसतात, तोंड मात्र असतं."

"सर, मुखपृष्ठं बरी आहेत तिची," मॅनेजर बाई हळूच म्हणाल्या. "आणि आपल्याला माणूस हवाच आहे."

सर खुर्चीत मागे रेलले. "ठीक आहे. ते एक पान काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर. आणि सोमवारी ये."

मुलीचं बोट बटणावर गेलं. नुसतं दाबायचं होतं. काउंटर टळला असता, दादाची ती समजूतदार नजर टळली असती. बाकीची सगळी पानं तिने असल्याच माणसांना आवडावीत म्हणून केली होती. हे एकच कोणी न सांगता केलेलं. हातात फाइल घेऊन त्याच त्याच दारावरून फिरणारी आणि शेवटी जमिनीवरच बसकण मारलेली ती म्हातारी तिला आठवली. आधी तिला स्वतःचा राग आला, आणि मग समोरच्या माणसाचा.

तिने बोट उचललं.

"सॉरी म्हटलं ते जुन्या पाट्या कोणाच्या हे विचारलं नाही म्हणून," ती म्हणाली. "पाट्यांबद्दल नाही." आणि लॅपटॉप मिटला.

"उपाशी मरशील," सर शांतपणे म्हणाले.

ती बाहेर आली. लांबलचक पांढरा पॅसेज, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, आणि दारांवर नाक लावून वाचावी लागतील अशी बारीक राखाडी अक्षरं. येताना मॅनेजर बाई तिला खाली येऊन घेऊन गेल्या होत्या. ती डावीकडे गेली तर प्रिंटरची खोली लागली. उजवीकडे चहाची. फिरून पुन्हा त्याच काचेच्या दारासमोर आली. आतून दोघं बघत होते. मान खाली घालून ती पुढे गेली आणि अडगळीच्या खोलीवरून परत आली. डोळे भरून आले होते. इथे रडायचं म्हणजे तर हद्दच झाली असती.

काचेचं दार उघडलं. सर बाहेर आले. रागाने चेहरा लाल झाला होता. त्यांनी हात वर केला आणि पॅसेजच्या टोकाकडे बोट दाखवलं.

ती त्या दिशेने चालू लागली. टोकाला पोचून थांबली. तिथूनही दोन वाटा फुटत होत्या.

तिने वळून पाहिलं. सर अजून तिथेच उभे होते, हात वर करून.