एका मताचे घराणे

पणजोबा वैद्य होते, आजोबा जमीनमोजणीदार, वडील हेडमास्तर. तिघेही आयुष्यात एकेकदाच निवडणुकीला उभे राहिले आणि तिघेही एकेका मताने पडले. पाडणारे घरही तिन्ही वेळा तेच: रस्त्यापलीकडचे छापखानेवाले.

यात दैवाचा काडीचाही दोष नव्हता. वाढणाऱ्याने आधी स्वतःचे ताट भरू नये, ही पणजोबांची शिस्त. म्हणून त्यांनी आपले मत प्रतिस्पर्ध्याला दिले आणि बाहेर येऊन, त्याचा हात हाती घेऊन, त्याला तसे सांगितलेही. आजोबांनी तेच केले. हेडमास्तरांनीही तेच केले आणि वर त्या विषयावर सातवीच्या वर्गाला निबंध घातला.

हेडमास्तरांचे चिरंजीव मात्र आमदार झाले. चार निवडणुका, चार विजय आणि चारही वेळा स्वतःचे स्वतःला मत शून्य. सात हजार, अकरा हजार, नऊ हजार, चार हजार; मताधिक्याचे हे आकडे त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला पाढ्यासारखे पाठ होते. एवढ्या पुरात एक ओंजळ पलीकडे गेली, तर विचारतो कोण?

पाचव्या खेपेला पूर ओसरला. नदीवरचा पूल आठ वर्षे अर्धाच उभा होता. "आमदारांनी अर्धा पूल दिला, आपण अर्धी मतं देऊ," असे लोक उघड म्हणू लागले. त्यात समोर उभे राहिले कोण, तर छापखान्याचे विद्यमान मालक, वय वर्षे एकसष्ट. आमदारांची पत्रकेही त्यांच्याच यंत्रावर छापून आली. आईने ती भिंग लावून तपासली. एका वेलांटीचीही चूक सापडली नाही, याचा तिला फार राग आला.

मतदानाच्या सकाळी तिने आमदारांना उंबरठ्यावरच अडवले.

"आज मत स्वतःला द्यायचं."

"बघतो, आई."

"बघू नकोस, दे. तुझे वडील पडून घरी आले, तेव्हा सारा गाव म्हणाला, माणूस केवढा मोठा! मोठेपण घेऊन मी चाटत बसू? एका मताने पडलेला माणूस मला या दारातून पुन्हा आत आलेला बघायचा नाही."

मतदान हेडमास्तरांच्याच शाळेत होते. रांगेत पुढे छापखानेवाले सहकुटुंब उभे होते: ते, त्यांची पत्नी, मुलगा आणि परगावी नोकरीला असलेली मुलगी. मुलीच्या हातात अजून प्रवासाची पिशवी होती.

आईने आमदारांना कोपराने ढोसले. "बघ, बघ. पोरगी दोन गाड्या बदलून, रात्रभर बसून आली. एका मतासाठी! याला म्हणतात निवडणूक लढवणं. नाहीतर तू."

आमदार आत गेले आणि मिनिटभरात बाहेर आले.

"दिलंस?"

"दिलं."

"कुणाला?"

"आई, मतदान गुप्त असतं."

"आईपासून? तुला दात येताहेत हे तुझ्याआधी मला कळलं होतं."

आमदार रुमालाने कपाळ पुसू लागले. त्यांचे पाय छापखानेवाल्यांच्या दिशेने वळताहेत असे दिसताच आईने त्यांचा दंड धरला आणि थेट घरी आणले. त्या दिवशी हात हाती घेण्याचा प्रसंग आलाच नाही.

मोजणीच्या दिवशी आकडा दर तासाला इकडून तिकडे झुलत राहिला. आमदारांनी तीन वेळा पाणी मागवले आणि तिन्ही वेळा प्यायचे विसरले. दुपारी चारला अधिकाऱ्यांनी निकाल वाचला: आमदार एका मताने विजयी.

"फेरमोजणी मागायची आहे?" अधिकाऱ्यांनी छापखानेवाल्यांना विचारले.

"कशाला? बरोबर आहे," म्हणत छापखानेवाल्यांनी कागदावर सही केली.

हा वृत्तान्त घरी पोचला, तेव्हा आई खुर्चीत ताठ बसली. सूनबाईंना तिने ठेवणीतले कप काढायला सांगितले. संध्याकाळी छापखानेवाले अभिनंदनाला आले, तेव्हा ती त्यांचीच वाट पाहत होती.

"या, बसा. कसं वाटतं एका मताने पडल्यावर? आमच्या तीन पिढ्यांना विचारायला माणूस नव्हतं, म्हणून तुम्हाला विचारते."

"हलकं वाटतं, काकू," छापखानेवाले म्हणाले.

"हलकं! पडलेला माणूस असंच म्हणतो. पण आमचा बाळ अखेर शहाणा झाला हो. आपलं मत आपल्याला दिलं, म्हणून आज ही खुर्ची घरात राहिली."

आमदारांचा कप बशीवर वाजला. पाच वेळा निवडून आलेला तो माणूस चौथीतल्या मुलासारखा उभा राहिला.

"आई, मी यंदाही मत समोरच्यालाच दिलं. यांना."

आईने मुलाकडे पाहिले, मग भिंतीवरच्या हेडमास्तरांच्या तसबिरीकडे. हेडमास्तर नेहमीपेक्षा जास्त प्रसन्न दिसत होते.

"मेल्या, मग जिंकलास कसा?"

उत्तर छापखानेवाल्यांनी दिले. त्यांनी चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला.

"काकू, तुमच्या घरची तीन मतं आमच्याकडे पडून होती. वैद्यबुवांचं, मोजणीदारांचं आणि हेडमास्तरांचं. समोर उभं राहून दिलेलं मत समोर उभं राहूनच फेडायचं, आणि आजवर ती संधीच आली नव्हती. म्हणून तर उभा राहिलो. एक मी दिलं, एक बायकोने, एक मुलाने."

"आणि मुलीचं?"

"आमदार यंदाही मत समोरच्याला, म्हणजे मलाच देणार, ते ठाऊक होतं ना. नवी उधारी नको, म्हणून तिला बोलावून घेतलं."