भरलेला पेला

पेल्यातलं पाणी काठापासून दोन बोटं खाली होतं. तासाभरात काचेला आतून चौदा बुडबुडे चिकटले होते. वहिनींनी ते दोनदा मोजले. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्यांवर थेंब पसरण्यात अठ्ठावीस वर्षं काढल्यावर डोळे मोजायचं सोडत नाहीत.

पेला रिकाम्या खुर्चीपुढे होता. वाचनालयाच्या या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा कवी जमत. त्यांचा नियम एकच: आपली कविता दुसऱ्याला वाचायला द्यायची, चर्चा संपेपर्यंत ओठ मिटून बसायचं, मग समोरचं पाणी प्यायचं आणि बोलायचं. त्यांच्यातलेच एक, वहिनींचे यजमान भाऊ, वारल्यावरही त्यांचा पेला भरला जाई. वहिनी नवऱ्याची म्हणून एकेक कविता आणत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत आणि सगळे पांगले की तो कुणी तोंड न लावलेला पेला धुऊन पालथा घालत.

आज अकरावी कविता. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचली. शेवटाला त्यांचा आवाज खाली आला:

काचपट्टीवर थेंब पसरावा
तसं तुझं नसणं घरभर, पातळ.
हात सवयीने दोन कप काढतो
आणि न वापरलेला कपही धुतो.

"काय लिहून गेलाय!" मास्तर म्हणाले. "जन्म गेला विम्याच्या फायली हलवण्यात. ही काचपट्टी कुठून सुचली याला?"

"घरातच होती की," औषधाच्या दुकानवाल्या ताई हसल्या. "वहिनी, तुमचंच बोलणं चोरलंय हो भाऊंनी!"

वहिनीही हसल्या. भाऊंच्या खणात इथे न वाचलेल्या दोनच कविता निघाल्या होत्या. त्या पहिल्या दोन महिन्यांतच संपल्या. तिसऱ्या महिन्यात रिकाम्या हाताने यायचं तर कुठल्या नात्याने? आणि न यायचं, तर 'या वहिनी, बसा' म्हणणारी दुसरी खोली उरली नव्हती. पुढच्या वेळी सांगू, असं त्या दर महिन्याला ठरवत आणि पेला धुऊन घरी जात.

मुद्रितशोधक मात्र हसला नव्हता. भाऊंचं पुस्तक उद्या छापायला जायचं होतं. सगळा गठ्ठा त्याच्या मांडीवर होता. त्याने लाल पेनाचं टोपण काढलं.

"शेवटच्या दोन ओळी उडवू. न वापरलेला कप कोण धुतं? ओढूनताणून आणलंय. उगाच रडवायचे धंदे."

"अरे, पण त्याला न विचारता?"

"आता कुठे विचारायला जाऊ, मास्तर? असता तर त्यानेच उडवल्या असत्या. काय वहिनी?"

उत्तरासाठी कुणी थांबलं नाही. ताईंनी पिशवी आवरायला घेतली. लाल टोक 'हात' या शब्दावर टेकलं.

स्टूल फरशीवर करकरलं. वहिनी उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या.

"अहो वहिनी, ती..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

वहिनींनी पेला उचलला. पाणी कोमट झालं होतं. घाई न करता त्यांनी ते तळापर्यंत प्यायलं. पेला खाली ठेवला तेव्हा काचेचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मी धुते," त्या म्हणाल्या. "रोज धुते. त्या ओळी राहू द्या. तिसरीपासूनच्या सगळ्या कविता माझ्या आहेत."