डावा खांदा

बायकोला विचारल्याशिवाय साधं अस्तरही न निवडणारे साहेब या वेळी माझ्या दुकानात एकटेच आले.

"वहिनी कुठायत?" कोटाचं माप घेता घेता मी विचारलं.

"काय माहीत!" साहेबांनी खांदे उडवले. उजवा खाली आला. डावा मात्र कानापाशीच राहिला.

"खांदा सैल सोडा, साहेब."

"सोडलेलाच आहे की."

मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मानेखालचा स्नायू दगडासारखा लागला. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण गिऱ्हाइकाच्या घरात शिंप्यानं कशाला नाक खुपसावं? खांदा काय, आज ना उद्या उतरेल, म्हणून मी कोट सरळच बेतला.

शिवून झाल्यावर तो लाकडी पुतळ्यावर चढवला आणि इस्त्री फिरवली. दोन्ही खांदे एका रेषेत बसले. माझंच मला बरं वाटलं.

तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली. कोट कुणाचा ते मी तिला सांगितलं.

"अगंबाई! मग त्यांच्या बायकोचा काही पत्ता लागला का हो?"

मी तोंड उघडायच्या आत पुतळ्यावरच्या कोटाचे दोन्ही खांदे सावकाश वर गेले.

मग उजवा खाली आला.