घासलेला रुपया

"जिसने ये नंबर दिया, वो आज शाम के बाद यहाँ नहीं दिखेगा." पवनजींनी रुपया रंगनाथरावांच्या टेबलावर ठेवला. "पहले आप देख लो. शिकायत सच्ची निकली, तो मैं पुराना पर्चा निकालता हूँ."

राणीछाप चांदीचा रुपया. दिल्लीच्या गिऱ्हाइकाने परत पाठवलेला. पारदर्शक डबीवर पवनजींच्या पेढीचा शिक्का आणि खाली आकडा, सत्तरपैकी पासष्ट. म्हणजे टाकसाळीतून निघाल्यापासून कुणाच्या खिशात न गेलेलं, जवळजवळ बिनडागी नाणं. गिऱ्हाइकाचं म्हणणं, हे नाणं घासलेलं आहे.

पेढीत नाणी पारखणारी माणसं दोनच. रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले रंगनाथराव आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली प्रियंका. मोहरा, संस्थानी नाणी त्यांच्याकडे. चांदीचे रुपये तिच्याकडे. तेव्हा आकडा कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती.

प्रियंका समोरच बसली होती. तिचे वडीलही रेल्वेत. त्यांची बिकानेरला बदली झाली आणि ही नोकरीच्या जोरावर जयपुरातल्या जगतपुऱ्यात एकटी मागे राहिली. नोकरी गेली की बिऱ्हाड आवरायचं. शिवाय या धंद्यात पारख करणाऱ्याचं नाव एकदा गेलं की गेलं. दुसरी पेढी पाणीसुद्धा विचारत नाही.

पवनजी माडीवर गेले. रंगनाथरावांनी डबी उघडली, रुपया कडांनी धरला आणि दिव्याखाली तिरका केला.

"सांग, कोरं नाणं पारखताना पहिलं काय बघायचं?"

"सर, आत्ता?"

"आत्ताच."

"पृष्ठभाग. म्हणजे टाकसाळीतली चमक आहे तशी आहे का. ठसा कमी उठला असेल तर चालतं. बारीक ओरखडा चालतो. पण घासलेलं नाही चालत."

"का?"

"मतलब… ओरखडा नाण्याचा असतो. घासणं माणसाचं असतं."

"पाठ तर चोख आहे गं तुझा!" रंगनाथराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. पोरगी हुशार होती. त्यांनीच तर घडवली होती.

खऱ्या कोऱ्या नाण्यावर चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ही जागची हलत नव्हती. भिंगाखाली राणीच्या गालावर केसाएवढ्या रेघा दिसल्या, सगळ्या एकाच दिशेच्या. अक्षरांच्या बेचक्यात पांढरी पूड अडकली होती आणि तिच्याखाली लालसर काहीतरी.

"रांगोळी," ते म्हणाले. "आणि कुंकू. वर्षानुवर्षं लक्ष्मीपूजनाला बाहेर काढलंय आणि दर वेळी आधी रांगोळीने लख्ख केलंय. इथली माणसं नाणं दुधाने धुतात आणि पुसून ठेवतात. रांगोळीने चांदी घासायची ती आपल्या घरांतून. हे मराठी घरातलं नाणं आहे, प्रियंका."

प्रियंकाने उघडी डबी आपल्याकडे ओढली.

"नाण्याच्या मालकाचं नाव पारख करणाऱ्याला कळू द्यायचं नाही, हा नियम कशाला केलाय?"

"सर, एकदा परत बघा ना," ती म्हणाली. "वाहतुकीत रेघा पडल्या असतील. आपण असं लिहू शकतो ना?"

"वाहतुकीत कुंकू पडतं?"

"मग नुसतं लिहा, की नाणं घासलेलं आहे. कोणी आकडा दिला, का दिला, ते नका लिहू. प्लीज सर."

चोराच्या मनात चांदणं, रंगनाथरावांना वाटलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"हे बघ. परमुलखात आपलं माणूस समोर आलं की जीव वितळतो. चार शब्द मराठीत बोललं, सासरमाहेर निघालं, फराळाचा डबा पुढं आला, की हात ढिला पडतो. मला कळत नाही होय? पंचवीस वर्षं काढली मी या जयपुरात. पण टेबलावर बसलं की आपला कोण नि परका कोण!"

"एक चूक माफ नाही करता येणार? पहिलीच असेल."

"नाही."

"खूप वर्षं चांगलं काम केलेलं असलं, तरी?"

"खूप वर्षं?" रंगनाथराव हसले. "अगं, चार वर्षं झाली तुला. आणि चाळीस झाली असती तरी मी हेच म्हटलं असतं. चुकून दिलेला आकडा मी पोटात घातला असता. हा ओळखीपोटी दिलेला आहे."

प्रियंकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते ओढणीने टिपलं आणि खिडकीकडे तोंड केलं. रंगनाथरावांना तिची दया आली. पण दया करायची तर पारख करू नये, हे त्यांचंच वाक्य होतं. त्यांनी कागद ओढला, शाईचं पेन उघडलं आणि हिंदीत, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं. नाणं घासलेलं आहे, श्रेणी देता येत नाही. पासष्ट हा आकडा नजरचूक नाही, ओळखीपोटी दिलेला आहे. देणाऱ्याला आजच कमी करावं, कोणतीही सवलत देऊ नये. खाली त्यांनी लफ्फेदार सही केली.

"सर, अजून वेळ आहे, फाडून टाका," प्रियंका हळूच म्हणाली. "मी शेठजींना काहीतरी सांगते."

"आता तरी ताठ उभी राहा."

पवनजी जिना उतरून आले. त्यांनी रंगनाथरावांचा अहवाल उभ्यानेच वाचला, मान डोलावली आणि माडीवरून आणलेला त्याच नाण्याच्या पारखीचा दीड वर्षापूर्वीचा पर्चा त्याच्या शेजारी पसरला.

पर्च्यावर प्रियंकाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "घासलेलं. श्रेणी नाही." त्यावर आडवी रेघ मारलेली होती. रेघेखाली शाईच्या पेनाने पासष्ट लिहिलं होतं आणि त्याखाली होती तीच लफ्फेदार सही, जी शेजारच्या कागदावर अजून वाळायची होती.